वाजवून घेतलेली नाणी

३ फेब्रुवारी, दुपारी

ही डायरी सूनबाईने दिली. ती दातांची डॉक्टर आहे, तिला औषधवाले दर वर्षी आणून देतात. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांविषयी एक सूचना छापलेली आहे. आजची सूचना, दिवसातून दोनदा दात घासा. माझी कवळी आहे, सूनबाईनेच बसवली आहे, ती मी तीनदा घासते. पहिल्याच दिवशी पुढे गेले.

लिहायचं कारण म्हणजे खिळा. आमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जो पॅसेज आहे, त्याच्या भिंतीवर एका ओळीत खिळे आहेत. पहिल्यावर ह्यांचं सायकल दुरुस्तीचं सर्टिफिकेट. मग मुलाची इंजिनिअरची पदवी, सूनबाईची डॉक्टरकीची, नातीचं पोहण्याचं. त्यानंतर माझ्या धाकट्या जावेचं, उत्तम मुख्याध्यापिका म्हणून. ती वरच्या मजल्यावर राहते, पण तिच्या भिंतीवर जागा उरली नाही म्हणून एक आमच्याकडे आलं. मग कुत्र्याचं. कुत्र्याला महिनाभर शिकवणी लावली होती, आता बस म्हटलं की बसतो, कधीकधी. त्यालाही फ्रेम.

शेवटचा खिळा माझा. त्याच्यावर भाजीची पिशवी असते.

माझी शाळा चौथीत सुटली, परीक्षेच्या आधीच. त्यामुळे मला कोणी कशात किती मार्क दिले असते ते कळायचं राहून गेलं. मी काही वाईट वाटून घेत नाही. पण ऑक्टोबरात रंगारी येणार आहे, आणि हे म्हणाले, ज्या खिळ्यावर फ्रेम नाही तो उपटायचा आणि भोकात पुट्टी भरायची. पिशवीला फ्रेम म्हणत नाहीत म्हणे.

आणि कालच टीव्हीवर तो कार्यक्रम लागला. योग म्हणायचा. जुनी नाणी लिलावात घ्यायची, मग ग्रेडिंगवाल्यांकडे पाठवायची. ते भिंगातून बघतात आणि नाण्याला सत्तरपैकी मार्क देतात. मग नाणं आणि मार्काचं लेबल दोन्ही एका चपट्या पारदर्शक डबीत कायमचं बंद. डबी भिंतीवर टांगता येते. मी मटार सोलत होते, ते तसेच राहिले.

नाणी हा माझाच विषय. आमचं सायकलचं दुकान होतं तेव्हा तीस वर्षं गल्ल्यावर मी बसले. ह्यांनी पंक्चर काढायची आणि पैसे मी घ्यायचे. माझ्या हातून जेवढी नाणी गेली तेवढी त्या ग्रेडिंगवाल्यांनी स्वप्नात बघितली नसतील.

पैशाचं इथे काही लिहिणार नाही. डायरी माझ्यापुरती आहे, पण हे चष्मा शोधताना कुठेही हात घालतात.

संकल्प: सत्तरपैकी सत्तर. फार तर एकोणसत्तर.

५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते, हं म्हणाले. ह्यांच्या हं चे प्रकार आहेत. एक हं म्हणजे ऐकलं नाही, एक म्हणजे ऐकलं पण नसतं ऐकलं तर बरं. आजचा दुसरा होता. म्हणजे हरकत नाही.

दुकान विकलं तेव्हा गल्ल्याजवळची काळी फरशी मी घरी आणली होती. ह्यांनी हवा भरायचा पंप आणला, मी फरशी आणली. ती फ्रीजमागे होती, काढून ओट्यावर मांडली. तीस वर्षं मी एकही नाणं ह्या फरशीवर वाजवल्याशिवाय गल्ल्यात टाकलेलं नाही. नाणं अंगठ्यावर घ्यायचं, उडवायचं आणि कडेवर पडू द्यायचं. खरं नाणं गातं. खोटं बद्द बोलतं. एकदा एक सूट घातलेला माणूस नव्या सीटकव्हरचे पैसे देऊन गेला, मी त्याला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं. सूट चांगला होता, नाणं शिशाचं.

चार वाजता जाऊ चहाला आली. तिला सांगितलं तर म्हणाली, वहिनी, मार्क नाण्याला मिळणार, तुम्हाला कसे. मी म्हटलं, तुझ्या शाळेतली पोरं धावली तेव्हा पदक घ्यायला स्टेजवर कोण गेलं होतं. तिने बिस्किट चहात बुडवलं ते बुडूनच गेलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी

लिलाव झाला. फर्निचरच्या दुकानावर हॉल आहे, खुर्च्या दुकानातल्याच, म्हणून त्यांची प्लास्टिकची कव्हरं काढलेली नव्हती. कोणी हललं की सगळ्या हॉलला कळायचं. लिलाव करणारे गृहस्थ म्हणजे खालच्या बाजारातले नाणीवाले. माणूस सभ्य वाटला. हातात पांढरे मोजे, जेवायला वाढतात तसा नाण्यांचा ट्रे घेऊन फिरत होते.

आधी नाणी बघू देतात. कडेने धरा, मधे बोट लावू नका, टेबलावरच्या मखमलीवरच ठेवा, असं सारखं चाललेलं. एवढं तर सूनबाई दातांचंही करत नाही. मला एक चांदीचं नाणं आवडलं, एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला कोणी राजा, नाक एकदम शाबूत. मी म्हटलं, जरा फरशी असेल का, वाजवून बघते. नाणीवाल्यांनी दोन्ही हात ट्रेवर पसरले, कोंबडी अंड्यांवर बसते तसे. म्हणाले, आजी, इथे वाजवत नाहीत.

बरं म्हटलं. घरी जाऊन वाजवू.

त्यांनी जहाजाच्या नाण्याचा भाव सांगितला. मी निम्म्याने मागितलं. हॉलमधली सगळी कव्हरं एकदम वाजली. नाणीवाले म्हणाले, आजी, इथे भाव खाली येत नाही, वर जायचं असतं. मी म्हटलं, वर जायची मला घाई नाही. लोक हसले. दुकानात बसून बसून माणसाला जिभेची सवय होते. शेवटी थोडं वर गेलेच. समोर माझ्यावर बोली चढवणारे टायवाले गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघून थांबले. घाबरले असावेत.

१६ फेब्रुवारी

सकाळी अंघोळ करून नाणं वाजवलं. काय आवाज आहे. सगळ्या स्वयंपाकघरात राहिला. हे आतून ओरडले, काय पडलं. मी म्हटलं, पडलं नाही, वाजवलं. कुत्रा सोफ्याखाली गेला. त्याला संगीताचं अंग नाही.

चारला जावेला वाजवून दाखवलं. मग शेजारीण दही मागायला आली, तिला दाखवलं. तिला एकदा नीट ऐकू आलं नाही म्हणून परत. दूधवाल्यालाही. तो म्हणाला खणखणीत आहे, आणि तो काही कौतुक करणारातला नाही.

१८ फेब्रुवारी

नाणीवाल्यांकडे नाणं पोचवलं. तेच ग्रेडिंगला पाठवतात. भिंगातून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत भिंगातून. मला वाटतं इतकं चांगलं नाणं हातचं गेलं म्हणून त्यांना वाईट वाटलं. विचारलं, आजी, हे कुठे पडलं होतं का. मी म्हटलं, माझ्या हातून आजवर काही पडलेलं नाही. घरात कपबश्या लग्नातल्या आहेत.

हं म्हणाले. ह्यांच्यातला नव्हे, वेगळाच हं.

२ मार्च

खिळ्यावरून पिशवी काढली. भिंतीला सवय व्हावी म्हणून. हे भाजी आणायला निघाले आणि पिशवी कुठे आहे, पिशवी कुठे आहे करत सगळं घर फिरले. शेवटी हेल्मेटमधून भाजी आणली.

आजच्या पानावर, कडक वस्तू दातांनी फोडू नका.

२२ मार्च

निकाल आला. नाणं आलं, डबीही आली, डबी सुंदर आहे. पण लेबलावर मार्काच्या जागी नुसतं लिहिलंय, अस्सल, कडेला मार. सत्तरपैकी काहीच नाही. शून्यसुद्धा नाही. शून्य तरी द्यायचं, म्हणजे पेपर तपासला एवढं तरी कळतं.

अस्सल आहे हे ते आता सांगतायत. ते मला सोळा फेब्रुवारीलाच कळलं होतं.

कडेला मार हा पार्सलवाल्यांचा प्रताप. ते खोकी कशी फेकतात ते मी खिडकीतून बघते. नाणीवाले म्हणाले, पार्सलात नाणं हलत नाही, आजी, फोममध्ये गच्च असतं. मी म्हटलं, गच्च होतं तर मार कसा लागला.

डबी खिळ्याला लावली नाही. मार्क नसलेली पत्रिका कोणी भिंतीवर लावतं का. जाऊ म्हणाली, वहिनी, ह्याला निकाल राखून ठेवला असं म्हणतात. तिच्या शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांचा ठेवायचे. तिच्या चहात साखर घालायची विसरले, म्हणजे मुद्दाम नाही.

संकल्प: पुढच्या खेपेला एक नाही, तीन नाणी. आणि घाई नाही. एकदा वाजवून भागत नाही, नीट पारखून घ्यायला हवं.

१२ एप्रिल, शनिवार

तीन घेतली. एकावर गव्हाची ओंबी, एकावर सिंह, एकावर नुसता आकडा. आकड्याचं साधंच दिसतं, पण साधी माणसंच टिकतात. टायवाले गृहस्थ मला बघून दोन खुर्च्या पलीकडे सरकले.

१३ एप्रिल

ओंबी तीनदा. सिंह चारदा, त्याचा आवाज जरा घोगरा वाटला म्हणून. आकडा पहिल्याच फटक्याला असा बोलला की मन भरेना, मोजलं नाही. तिन्ही अव्वल.

हे म्हणाले, झालं का. मी म्हटलं, झालं. हे म्हणाले, कुत्रा न्हाणीघरात जाऊन बसलाय, त्याला बाहेर काढ, मला जायचंय.

२४ मे

तिन्ही डब्या आल्या. अस्सल, कडेला मार. अस्सल, कडेला मार. आकड्याच्या नाण्यावर, अस्सल, कडेला अनेक ठिकाणी मार.

आता माझी खात्रीच झाली की ग्रेडिंगवाल्यांकडे त्या एकाच वाक्याचा रबरी शिक्का आहे. किंवा तिथे कोणीतरी माणूस आहे ज्याचं घरी पटत नाही.

२५ मे, रविवार

सूनबाईला सुट्टी. ती दवाखान्यातलं भिंग डोळ्यांना लावते ते घेऊन आली, दिवा लावला, आणि चारही डब्या टेबलावर ओळीने मांडल्या. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि का कोण जाणे तोंड उघडलं. ती म्हणाली, आई, तुम्ही नाही, नाणी.

पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, आई, चारही नाण्यांना एकसारखंच लागलंय. माझ्याकडे लोक येतात ना, दाताने दोरा तोडणारे, त्यांचा दात नेमका तिथेच झिजतो, ते बोलले नाहीत तरी मला कळतं. ही सवयीची खूण आहे. आई, ही नाणी कडेवर कशावर तरी आपटतायत.

मी म्हटलं, बघ, तुलाही कळलं. पार्सलवाले.

ती म्हणाली, आई, तुम्ही नाणी वाजवता ती फरशी दाखवा बरं. दाखवली. तिने फरशीवरून बोट फिरवलं आणि मुलांना बोलते तसं हळू बोलली, की आता ह्यापुढे नाणं वाजवायचं नाही. उचलायचं नाही, उडवायचं नाही. आणल्याबरोबर तसंच पाठवायचं.

मी हो म्हटलं. एवढं शिकलेली पोर, दिवसभर लोकांच्या तोंडात बघून दमते, तिला आवाजाचा त्रास होत असणार. वाजवायचं ते ती दवाखान्यात गेल्यावर वाजवावं.

ती गेल्यावर तिचं भिंग लावून मीही बघितलं. नाणी नाही, फरशी. एवढी वर्षं एवढी नाणी तिच्यावर पडली, तिला कुठे साधा खड्डासुद्धा नाही. फरशीला लागत नाही तर नाण्याला कसं लागेल. हा विचार अजून कोणीच केलेला नाही.

१४ जून, शनिवार

आज लिलाव आणि आज माझा पाय मुरगळलेला. कालच पॅसेजमध्ये मागे मागे सरकत खिळा लांबून कसा दिसतो ते बघत होते, मागे कुत्रा होता. त्याला कोणीतरी बस म्हटलं असावं.

जाऊ म्हणाली, मी जाते, वहिनी, तुम्ही पाय वर घेऊन बसा. मी तिला सगळं समजावलं. राजाचं नाक बघ, अक्षरं बघ, भाव उतरवायचा प्रयत्न करू नकोस, ते लोक वेगळे आहेत. ती म्हणाली, वहिनी, मी चाळीस वर्षं पेपर तपासलेत. मी म्हटलं, पेपर वाजत नाहीत.

संध्याकाळी आली ती हात हलवत. एक घेतलं म्हणाली, झाडाचं चित्र आहे, छान आहे. मी हात पुढे केला. तर म्हणाली, तिथल्या तिथे नाणीवाल्यांना देऊन टाकलं, परस्पर ग्रेडिंगला. सूनबाईनेच फोन करून तसं सांगितलं होतं म्हणे.

न वाजवता.

मला पाण्याचा ग्लास दे म्हटलं. न ऐकलेलं नाणं माझ्या नावावर गेलं. गल्ल्यावर असं केलं असतं तर हे मला घरी बसवते. जावेला काही बोलले नाही, ती पायाला शेक द्यायची पिशवी भरत होती. पण हे नाणं नापास होणार हे आजच तारखेनिशी लिहून ठेवते.

१९ जुलै

निकाल आला.

चौसष्ट.

सत्तरपैकी चौसष्ट. जाऊ म्हणाली हा पहिला वर्ग झाला, वहिनी, तोही विशेष. सूनबाईने दवाखान्यातून फोन केला, तोंडात कोणाच्या तरी यंत्र चालू होतं तरी केला. मुलाला कळवलं. नातीने विचारलं, आजी, तुला चौसष्ट मिळाले? हो म्हटलं. माझ्या पोहण्यात तर नुसतंच सर्टिफिकेट आहे, मार्क नाहीत, असं म्हणाली ती. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, असू दे, सगळ्यांनाच जमतं असं नाही.

ह्यांनी स्वतः स्टुलावर चढून डबी खिळ्याला लावली. कुत्र्याच्या शेजारी. सरळ आहे का म्हणून तीनदा विचारलं. मी एकदाही हो म्हटलं नाही, ह्यांना अजून थोडं वर उभं राहू दिलं.

नाणं जावेने निवडलं हे खरं, पण जावेला तयार कोणी केलं.

आज मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत उगाच पुष्कळदा गेले.

२३ जुलै

आज मीटर बघणारा आला होता. त्याला पॅसेज दाखवला. चांगलं आहे म्हणाला. कसलं चांगलं, ते त्याने सांगितलं नाही.

आजच्या पानावर, ठणका लागेपर्यंत वाट पाहू नका, शंका येताच तपासून घ्या.

३० जुलै

एक गोष्ट लिहू की नको करत होते.

आधीची चारही नाणी अस्सल आहेत हे मला माहीत आहे, कारण मी ती ऐकली. झाडाचं नाणं अस्सल आहे हे फक्त लेबल म्हणतं. आणि लेबल लिहिणारे लोक कोण, तर तेच रबरी शिक्केवाले. ज्यांनी माझ्या आकड्याच्या नाण्याला नापास केलं ते ह्याला चौसष्ट देतात. का देतात.

चहाच्या वेळी जावेला विचारलं, तुला तिथे त्याचा आवाज आला होता का. ती म्हणाली, वहिनी, ते नाणं आहे, नातेवाईक नाही.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, डबीत आहे, वाजणार कसं.

तेच तर.

६ ऑगस्ट

येता जाता त्या डबीवर बोटाने टिचकी मारते. प्लास्टिकचा आवाज येतो. सगळी माणसं कौतुक करतात आणि मी हसते, आणि आतून मला त्या सूटवाल्या माणसाची आठवण येते. तोही फार चांगला दिसत होता.

संकल्प: काही करायचं नाही. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. सूनबाईला शब्द दिलाय.

९ ऑगस्ट, शनिवार, सकाळी अकरा

सूनबाई दवाखान्यात. हे केस कापायला. जाऊ वर फोनवर.

ह्यांच्या दुकानातल्या हत्यारांच्या पेटीत टायर रिमवरून काढायची लोखंडी पट्टी आहे. डबी टायरपेक्षा पुष्कळ सोपी निघाली. कायमची बंद म्हणतात, पण कायमची वगैरे काही नाही, एका बाजूने दाब दिला की उघडते.

वाजवलं.

मी खरंच सांगते, आजवर असं नाणं माझ्या हाताखालून गेलं नाही. आवाज वर चढला, तिथे थांबला, मग जावेच्या मजल्यापर्यंत गेला. कारण तिने फोन ठेवला आणि जिन्यावरून हाक मारली, वहिनी, काय केलंत. मी म्हटलं, काही नाही, खरं आहे. ती आली, ओट्यावरची डबी बघितली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, परत एकदा वाजवा बघू. माझी जाऊ तशी चांगली आहे.

मग तिने एकदा वाजवलं. मग मी.

९ ऑगस्ट, दुपारी

एक विचार आला. त्यांनी चौसष्ट दिले ते नुसतं बघून. ऐकलं असतं तर सत्तरच्या खाली आलेच नसते. चौसष्टवर समाधान मानणं म्हणजे त्या नाण्यावर अन्याय आहे. सोमवारी परत पाठवते.

११ ऑगस्ट

नाणीवाल्यांना उघडी डबी दाखवली. ते खाली बसले, खुर्ची नसताना. स्टूल होतं म्हणून बरं. म्हणाले, आजी, हे उघडायचं नसतं. मी म्हटलं, उघडायचं नव्हतं तर उघडलं कसं. म्हणाले, एकदा डबी उघडली की मार्क रद्द, परत पहिल्यापासून तपासणार. तेच हवंय म्हटलं. चौसष्टचं लेबल त्यांनी मागून घेतलं, परत पाठवताना ते जमा करावं लागतं म्हणे. दिलं. जुनं लेबल ठेवून काय करायचं, नवं येणारच आहे.

सोबत चिठ्ठी लिहून द्यायला सांगितली, तपासण्याआधी कृपया वाजवून घ्यावे. फरशी हवी असल्यास आमच्याकडे आहे. त्यांनी ती चिठ्ठी वाचली आणि फार जपून खिशात ठेवली.

घरी सूनबाईने रिकामा खिळा बघितला. तोंडावर तिचा तो दवाखान्यातला मास्क असल्यासारखा चेहरा होता. मग ओट्यावरची फरशी तिने उचलून फ्रीजमागे ठेवली आणि मला म्हणाली, आई, चहा घेणार का. मी हो म्हटलं.

२७ सप्टेंबर

निकाल. अस्सल, कडेला मार.

नाणीवाल्यांनी डबी हातात देताना कडेने धरली आणि म्हणाले, आजी, पहिल्यांदा आलं तेव्हा ह्याची कड कोरी होती हो. मी म्हटलं, जाताना येताना पार्सलचे दोन प्रवास झाले. ते हो म्हणाले. सभ्य माणूस.

जाऊ म्हणाली, वहिनी, फेरतपासणीत मार्क कमीच होतात, आमच्या बोर्डातही असंच असायचं. तिने आज एकही बिस्किट बुडवलं नाही. पॅसेजमधून जाताना तिने तिच्या फ्रेमकडेही बघितलं नाही, खाली बघत गेली. एक फटका तिचाही होता.

३ ऑक्टोबर

रंगारी आला. सगळ्या फ्रेमा काढून पलंगावर ठेवल्या. कुत्रा त्याच्या फ्रेमवर जाऊन बसला, कोणी न सांगता. रंगाऱ्याच्या हातात पकड होती, खिळ्याखिळ्याला हात लावत ओळीने येत होता. हा राहणार, हा राहणार, हा राहणार. शेवटच्या खिळ्याशी थांबला आणि विचारलं, हा काढू ना, ह्याच्यावर काही नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ठरवलेलं सगळं करून झालं होतं.

हे पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला. राहू दे म्हणाले, तिचा आहे.

हं नाही म्हणाले. तीन शब्द आणि वर एक बोलले, म्हणजे ह्यांच्या हिशोबाने भाषणच.

रंगाऱ्याने खिळ्याभोवती कागदाची चिकटपट्टी लावली, रंग लागू नये म्हणून. बाकीच्यांना लावली तशीच.

६ ऑक्टोबर

रंग वाळला. सगळं परत टांगलं. माझ्या खिळ्यावर भाजीची पिशवी अडकवली. झाडाचं नाणं डबीतून काढलं, ते पिशवीतल्या सुट्ट्या पैशांच्या बटव्यात ठेवलंय. जिना उतरताना बाकीच्या चिल्लरला लागून वाजतं, इतक्या गर्दीतही वेगळं ओळखू येतं. मी त्याला सत्तर दिले. एक मार्कही कापायला जागा नव्हती.

आजच्या पानावर लिहिलंय की टवका गेलेला दात परत भरून येत नाही. मला काय त्याचं. माझे सगळेच्या सगळे खोटे आहेत. कवळी घासताना एकदा फ्रीजमागची फरशी काढून तिच्यावर टाकून बघितली, बद्द वाजते. सूनबाईला सांगितलेलं नाही.